पहिलं टेबल शोधा: ट्रेडिंग कार्डांची दुकानं आणि कार्यक्रम गाठायचे कसे

पहिल्यांदा कार्डांच्या दुकानात गेले तेव्हा मी एकही पाकीट विकत घेतलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला दोन लांब टेबलं होती आणि त्यातल्या एकावर दोघं जण खेळत होते. मी बाजूला उभी राहून बघत होते. त्यातल्या एकाने हातातली कार्डं पालथी ठेवली, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा ना. काय चाललंय ते कळतंय का?" नव्हतं कळत. पुढचा पाऊण तास तो प्रत्येक चाल खेळण्याआधी मला समजावून सांगत होता. निघताना त्याने स्वतःच्या जास्तीच्या कार्डांच्या डब्यातून मूठभर कार्डं काढून माझ्या हातावर ठेवली. माझा संग्रह तिथून सुरू झाला.

म्हणून नव्याने या छंदाला लागलेल्या प्रत्येकाला मी सांगते, दुकान शोधताना आधी माल बघू नका, टेबल बघा. आत कोणती कार्डं निघतील ते न सांगता विकली जाणारी बंद पाकिटं आज कुठेही मिळतात, घरपोचही येतात. पण कोणतं कार्ड खरं आणि कोणतं नकली, कुठल्या कार्डाला मागणी आहे, अदलाबदल करताना कुठे हात आखडायचा, हे सगळं माणसांच्या शेजारी बसूनच शिकता येतं. अशी माणसं जिथे जमतात तिथवर पोहोचायचं कसं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी स्वतःशी ठरवा: कोणती कार्डं?

"ट्रेडिंग कार्ड" या एका नावाखाली दोन बरीच वेगळी जगं आहेत. एक खेळाडूंच्या कार्डांचं: बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, क्रिकेट. हे जग जुनं आहे. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची चित्रं यायची. १९०९ ते १९११ या काळात तिथे निघालेला टी-२०६ नावाचा संच आजही संग्राहकांच्या बोलण्यात असतो. या जगातली बरीच उलाढाल जत्रांसारख्या भरणाऱ्या कार्ड शोमध्ये होते.

दुसरं जग खेळायच्या कार्डांचं. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' विझार्ड्स ऑफ द कोस्टने बाजारात आणला, १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनची कार्डं आली, १९९९ मध्ये कोनामीने यू-गी-ओची. अलीकडचे म्हणाल तर बांदाईचा वन पीस २०२२ चा आणि राव्हेन्सबर्गरचा लोरकाना २०२३ चा. या कार्डांचं केंद्र म्हणजे दुकान आणि दुकानात होणाऱ्या खेळांच्या संध्याकाळी.

हे आधी ठरवायचं कारण साधं आहे. शोधाची वाट त्यावर अवलंबून असते. फक्त मॅजिक खेळणाऱ्यांच्या दुकानात जुनी बेसबॉल कार्डं मागितलीत तर मान हलवण्यापलीकडे कुणी काही करू शकणार नाही. दोन्ही आवडत असतील तरी सुरुवातीला एकच धरा. एका खेळात पाय रोवला की दुसऱ्याची माहिती त्याच टेबलावर मिळते.

२. प्रकाशकांच्या स्वतःच्या याद्या उघडा

नकाशावर "कार्ड शॉप" असं शोधलं तर लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्यांपासून शुभेच्छापत्रांपर्यंत सगळं समोर येतं. त्यापेक्षा कार्डं काढणाऱ्या कंपनीपासून सुरुवात करा. जवळपास प्रत्येक मोठ्या खेळाची, अधिकृत कार्यक्रम घेणाऱ्या दुकानांची यादी असते.

मॅजिकसाठी विझार्ड्सचा दुकानं आणि कार्यक्रम शोधून देणारा लोकेटर आहे. त्यांच्या जाळ्यातल्या दुकानांना विझार्ड्स प्ले नेटवर्कची दुकानं म्हणतात. पोकेमॉनसाठी प्ले पोकेमॉनचा कार्यक्रम-शोधक आहे. यू-गी-ओसाठी कोनामी ज्या दुकानांना ऑफिशियल टूर्नामेंट स्टोअर म्हणते त्यांची यादी बघा. वन पीस आणि बांदाईच्या इतर खेळांसाठी बांदाई टीसीजी प्लस हे ॲप आहे, त्यावर कार्यक्रम दिसतात आणि नावही तिथूनच नोंदवता येतं. आपलं ठिकाण टाका, अंतराची मर्यादा सुरुवातीला मोठी ठेवा आणि येणारा महिनाभर काय काय आहे ते चाळा.

यादीत नाव आहे एवढ्यावर मात्र घरातून निघू नका. दुकानाच्या वेळा बदलतात, एखादा कार्यक्रम ऐन वेळी रद्द होतो, एखाद्या दुकानाने तो खेळ ठेवणंच थांबवलेलं असतं. सरळ फोन करा. मी तीन प्रश्न विचारते. "या खेळाला तुमच्याकडे साधारण किती जण येतात? कोणत्या वारी? अगदी नवीन माणूस आला तर चालेल ना?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. समोरचा "या की, आम्ही शिकवू" म्हणाला तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं थोडी डावी असली तरी जा. "नियम माहीत असतील तर या" असं तुटक उत्तर आलं तर ते दुकान पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

३. यादीत नसलेली ठिकाणं

अधिकृत यादीबाहेरही बरंच काही असतं. कॉमिक्सची दुकानं, बोर्डगेमची दुकानं, खेळण्यांची आणि व्हिडिओ गेमची दुकानं यांच्या एखाद्या कोपऱ्यात कार्डांचं कपाट असतं. जुनी नाणी आणि टपाल तिकिटं विकणाऱ्यांकडे खेळाडूंची जुनी कार्डं निघतात, कारण एखाद्या घरातला जुना संग्रह विकायला निघाला की तो बहुधा एकगठ्ठाच विकला जातो आणि त्यात तिकिटांच्या शेजारी कार्डंही असतात. असं दुकान दिसलं की काउंटरवर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागच्या खोलीतला खोका बाहेर मांडलेला नसतो.

शिवाय कॉलेजांचे गेमिंग क्लब, सार्वजनिक वाचनालयं, ॲनिमे आणि कॉमिक्सची संमेलनं आहेतच. शोधताना शब्दही नेमके वापरा. नुसतं "ट्रेडिंग कार्ड" न टाकता खेळाचं नाव आणि त्यापुढे "प्रीरिलीज", "ड्राफ्ट", "लीग" किंवा "सिंगल्स" टाका. हे आतल्या लोकांचे शब्द आहेत, अर्थ पुढे येतीलच. जो दुकानदार ते वापरतो त्याच्याकडे खेळणारे येतात असं धरून चालायला हरकत नाही.

आणि एक माणूस भेटला की त्याला विचारा, "तू आणखी कुठे खेळतोस?" मला माहीत असलेली निम्म्याहून जास्त ठिकाणं या एका प्रश्नातून मिळालेली आहेत. अनेक गटांचं सगळं दळणवळण व्हॉट्सॲप किंवा डिस्कॉर्डवर चालतं आणि त्यात शिरायचं दार म्हणजे तिथे आधीपासून असलेला एखादा माणूस.

४. पहिली फेरी: हात रिकामे, डोळे उघडे

पहिल्या भेटीत काहीच विकत घेतलं नाही तरी चालतं. शक्यतो खेळाच्या दिवशीच जा. एरवी ओस पडलेलं दुकान त्या संध्याकाळी पार वेगळं दिसतं.

आत गेल्यावर टेबलं बघा. बसायला पुरेशी जागा आहे का, उजेड बरा आहे का, खेळणारे एकमेकांशी कसे बोलतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीचा माणूस समोरासमोर बसून सारख्याच आदराने खेळत असतील तर ती जागा चांगली समजा. एखादी मुलगी एकटी आली तर सगळ्यांच्या माना वळतात की तिला खुर्ची मिळते, हेही बघा. मी तर हे सगळ्यात आधी बघते.

मग काचेचं कपाट. सुट्या कार्डांना सिंगल्स म्हणतात. प्रत्येक कार्डावर किंमत लिहिलेली आहे का? आणि त्यासोबत अवस्था? नीअर मिंट म्हणजे जवळपास नवं, लाइटली प्लेड म्हणजे थोडं हाताळलेलं, मग मॉडरेटली, हेव्हिली आणि शेवटी डॅमेज्ड, अशी ही उतरंड आहे. किंमत आणि अवस्था दोन्ही लिहिणारा दुकानदार गिऱ्हाइकाला अंधारात ठेवत नाही. किंमत न लिहिता चेहरा बघून आकडा सांगणाऱ्याकडून निदान पहिले काही महिने दूर राहा.

चांगला दुकानदार ओळखायची माझी खूण आणखी एक आहे. एकदा मी एक चकचकीत होलो कार्ड मागितलं. काउंटरमागच्या काकांनी ते स्लीव्हमधून, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ खोळीतून, बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं आणि हळूहळू तिरकं केलं. समोरून कार्ड निष्कलंक दिसत होतं, पण एका ठराविक कोनात प्रकाश पडताच चित्रावरून केसासारखी बारीक ओरखड्याची रेघ चमकली. मग त्यांनी पालथं करून कडा दाखवल्या. खालच्या कोपऱ्यात निळ्या रंगातून मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका उठून दिसत होता. "हे बघून घ्या, मग ठरवा," एवढंच म्हणाले. मी ते कार्ड घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच दुकानातून घेत राहिले. तेव्हापासून प्रत्येक कार्ड मी तसंच बघते: आधी तिरकं, मग पालथं, मग चारही कोपरे. तुम्हीही हीच सवय लावून घ्या.

दुकान तुमच्याकडची कार्डं विकत घेतं का, हेही सहज विचारून ठेवा. तिथे बाजारभावापेक्षा बरंच कमी मिळतं, त्यात फसवणूक काही नाही. दुकानदाराला जागा, वीज आणि न विकल्या जाणाऱ्या मालाचा भार सोसायचा असतो. रोख रकमेऐवजी दुकानातच खर्च करायची जमा, म्हणजे स्टोअर क्रेडिट, घेतलं तर बहुतेक दुकानं थोडं जास्त देतात.

५. कोणत्या कार्यक्रमापासून सुरुवात करावी

मोकळा खेळ, म्हणजे कॅज्युअल संध्याकाळ, हा सगळ्यात सोपा. नावनोंदणी नसते, बक्षीस नसतं, हवं तेव्हा या, हवं तेव्हा उठा. पोकेमॉनच्या लीग, म्हणजे नियमित जमणारे खेळाचे गट, बऱ्याच ठिकाणी अशाच चालतात आणि लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर त्याहून चांगली जागा नाही. मॅजिकची फ्रायडे नाइट मॅजिक ही शुक्रवारची प्रथा २००० सालापासून चालू आहे. तिचं रूप प्रत्येक दुकानात वेगळं असतं, त्यामुळे त्या शुक्रवारी नेमकं काय आहे ते आधी विचारून घ्या.

पण नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी असं मला विचाराल तर मी डोळे मिटून सांगेन, प्रीरिलीज. नवा संच बाजारात येण्याच्या थोडं आधी दुकानांत हा कार्यक्रम होतो. मॅजिकच्या प्रीरिलीजला प्रत्येकाला एक खोका मिळतो, त्यात सहा पाकिटं असतात. ती तिथेच फोडायची आणि त्यातून निदान चाळीस कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा. पोकेमॉनच्या खोक्यात चार पाकिटं आणि सोबत आधीच जुळवलेला कार्डांचा एक छोटा गठ्ठा असतो. डेक तिथेही चाळीसचाच, एरवीच्या साठऐवजी, आणि बक्षीस-कार्डं (समोरच्याचा पोकेमॉन हरवला की उचलायची कार्डं) सहाऐवजी चार लावतात, म्हणून डाव लवकर उरकतो.

नवख्याला याचा फायदा असा, की घरून काहीही आणावं लागत नाही. वर्षानुवर्षं जमवलेला भारी डेक कुणाच्याच हातात नसतो. ती कार्डं सगळ्यांनाच नवीन असतात, त्यामुळे दहा वर्षं खेळणारा माणूसही कार्ड डोळ्यांजवळ धरून मजकूर वाचत बसलेला असतो. अशा वेळी तुम्ही "हे काय करतं हो?" विचारलंत तर कुणाला त्यात वावगं वाटत नाही. शेजारच्याला डेक बांधायला मदत करायची तिथे रीतच आहे. आणि फोडलेल्या पाकिटांतली सगळी कार्डं तुमचीच, म्हणजे संग्रहाचीही सुरुवात झाली.

ड्राफ्ट थोडा पुढचा. गोलात बसायचं, प्रत्येकाकडे तीन पाकिटं. एक फोडायचं, त्यातलं एक कार्ड ठेवून उरलेला गठ्ठा एका बाजूच्या शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याचा आपल्याकडे घ्यायचा. गठ्ठे संपेपर्यंत हेच. यात कार्डांची पारख फार लवकर येते, पण वेळेचं थोडं दडपण असतं. एखादं प्रीरिलीज खेळून झाल्यावर बसा.

स्पर्धा म्हटलं की लोक बिचकतात, म्हणून एक गोष्ट सांगते. दुकानातल्या बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. त्यात हरलं की घरी जा असं नसतं. प्रत्येक फेरीत साधारण तुमच्याइतकेच गुण असलेला खेळाडू समोर येतो. आठ जण असतील तर तीन फेऱ्या, सगळ्यांना तिन्ही खेळायला मिळतात. पहिली फेरी हरलात तर दुसऱ्या फेरीत समोर बहुधा तुमच्यासारखाच कुणीतरी बसलेला असतो. माझ्या कित्येक ओळखी कमी गुणवाल्यांच्या या शेवटच्या टेबलांवरच झाल्या आहेत. पोकेमॉनमध्ये ज्युनिअर, सीनिअर आणि मास्टर्स असे वयाप्रमाणे गट असतात, म्हणून मुलांना फार भारी प्रतिस्पर्ध्याची भीती कमी.

खेळताना नियमाबद्दल शंका आली तर हात वर करून "जज" अशी हाक मारा, म्हणजे पंच येऊन नियम सांगतो. ही तक्रार नाही, खेळाचाच भाग आहे. समोरच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

६. सोबत काय न्यायचं

फार काही नाही. डेक असेल तर स्लीव्ह घातलेला. इथे एक बारकावा: मॅजिक, पोकेमॉन आणि लोरकानाची कार्डं ६३ बाय ८८ मिलिमीटरची असतात, यू-गी-ओची ५९ बाय ८६ ची, जरा लहान. त्यांना छोट्या मापाचे स्लीव्ह लागतात. मोठ्यात घातली तर आत हलत राहतात आणि पिसताना अडकतात. शिवाय वही, पेन, काही फासे आणि पाण्याची बाटली. बाटली झाकणाची असावी आणि टेबलावर ठेवू नये.

बऱ्याच खेळांना नावनोंदणीसाठी स्वतःचं खातं किंवा खेळाडू क्रमांक लागतो. पोकेमॉनचा प्लेयर आयडी, कोनामीचा कार्ड गेम आयडी, मॅजिकसाठी कम्पॅनियन ॲपवरचं खातं. आदल्या रात्री घरी बसून काढून ठेवा. दुकानात गर्दीच्या वेळी पासवर्ड आठवत उभं राहायची पाळी येऊ नये.

अदलाबदलीचा बाइंडर, म्हणजे कार्डं ठेवायची कप्प्यांची वही, नेणार असाल तर रिंगचा नको. बंद करताना आतल्या बाजूच्या कार्डांवर रिंग दाबली जाते आणि कायमची अर्धगोल खूण उमटते. माझी तीन कार्डं अशी गेली आहेत. बाजूने कार्ड घालायचे कप्पे असलेला, पीव्हीसी नसलेला बाइंडर घ्या. ज्या कार्डांवर जीव आहे ती घरीच ठेवा, किंवा पातळ स्लीव्हमध्ये घालून टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या खोळीत.

७. अदलाबदल

छंदाचं नावच मुळी अदलाबदलीवरून पडलं आहे, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो.

आधी रीत. दुसऱ्याच्या बाइंडरला हात लावण्यापूर्वी विचारा. बाहेर काढलेलं कार्ड कडेने धरा, चित्रावर अंगठा टेकवू नका. कप्प्यातून कार्ड काढायचं काम मालकालाच करू द्या. आणि कुणाचा डाव चालू असताना त्याच्या खांद्यावरून डोकावून "हे देणार का?" विचारू नका. फेऱ्यांच्या मधली वेळ त्यासाठीच असते.

मग किंमत. दोघांनी एकाच ठिकाणचा भाव बघायचा, हा नियम सोडू नका. अमेरिकेत बहुतेक जण टीसीजीप्लेयर या संकेतस्थळाचा भाव धरतात, युरोपात कार्डमार्केट या संकेतस्थळाचा. तुमच्या भागात काय धरतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्री झाली ती किंमत यांत फरक असतो, दुसरी बघा. एकाच चित्राची अनेक छापं असतात. कोपऱ्यातला संचाचा शिक्का आणि खालचा क्रमांक जुळवल्याशिवाय भाव बघण्यात अर्थ नाही. पोकेमॉनच्या पहिल्या इंग्रजी संचाचं उदाहरण घ्या: पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेलं कार्ड आणि तो नसलेलं तेच कार्ड यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिक्का मात्र बोटाच्या नखाहूनही लहान.

भाव सारखा झाला म्हणजे सौदा बरा झाला असंही नाही. एका मोठ्या मागणीच्या कार्डाच्या बदल्यात कुणी वीस छोटी कार्डं देऊ केली आणि बेरीज बरोबर आली, तरी ती वीस कार्डं पुढे कुणाला देणं अवघड जातं. हे माहीत असलेला माणूस म्हणूनच तसा सौदा मांडतो. तुम्हाला ती वीस खरोखरच हवी असतील तर खुशाल करा.

"जरा विचार करून सांगतो" हे वाक्य पाठ करून ठेवा. घाई करणाऱ्याला तर ते हमखास ऐकवा. चांगला संग्राहक त्यावर रागावत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतो. आणि समोर लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना शेजारी बोलवा, मगच अदलाबदल करा. मुलाला किंमत माहीत नसते आणि घरी गेल्यावर त्याला जे वाईट वाटतं त्याची भरपाई कुठल्याच कार्डाने होत नाही. आमच्या टेबलावर हा नियम कुणीही मोडत नाही.

८. कार्ड शोमध्ये

शो म्हणजे एका सभागृहात मांडलेली विक्रेत्यांची टेबलं, पाच-दहा असतील नाहीतर शेकड्यांनी. आत शिरल्यावर पहिल्या टेबलावरच खिसा मोकळा करू नका. एक पूर्ण फेरी मारा, वहीत टेबल आणि किंमत टिपत. एकच कार्ड तीन ठिकाणी तीन भावांत दिसेल. जाण्याआधी हव्या असलेल्या कार्डांची यादी संच आणि क्रमांकासकट लिहून न्या. यादी नसली की माणूस चकाकणाऱ्या वस्तू घेऊन घरी येतो आणि पाहिजे ते राहून जातं. रोख पैसे सुटे करून न्या. घासाघीस इथे चालते, विशेषतः एकाच विक्रेत्याकडून चार-पाच कार्डं एकदम घेतलीत तर आणि शो संपत आला असेल तर. मात्र भाव ठरल्यावर मागे फिरू नका.

शोमध्ये जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेली कार्डं दिसतील, त्यांना स्लॅब म्हणतात. पीएसए, बेकेट, सीजीसी यांसारख्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहा अशी श्रेणी देतात आणि पेटीत बंद करतात. पीएसए १९९१ पासून हे काम करते आहे. पेटीवर क्रमांक असतो. तो त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथली माहिती समोरच्या कार्डाशी जुळते का ते उभ्या उभ्या बघा. पेट्याही नकली बनवतात.

सुटं कार्ड खरं आहे का हे ओळखायला दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग जवळ ठेवा. छापील चित्र भिंगातून ठिपक्यांच्या फुलांसारखं दिसतं. मॅजिकच्या कार्डाच्या पाठीवर पाच रंगांचे गोळे आहेत. त्यातल्या हिरव्या गोळ्यावर भिंग धरलं तर खऱ्या कार्डात चार लाल ठिपके इंग्रजी एल अक्षराच्या आकारात दिसतात, नकलीत ते पुसट असतात किंवा नसतातच. इतर कार्डांसाठी सोपा उपाय म्हणजे खात्रीचं एक स्वस्त कार्ड सोबत न्यायचं आणि शेजारी धरून रंग, जाडी, पाठीची छटा ताडून बघायची.

बंद पाकिटं शोमध्ये अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नका. मी घेतली होती, जुन्या संचाची तीन. घरी आल्यावर उजेडात बघितलं तर मागच्या जोडावर गोंदाची चमकती रेघ होती आणि आत एकही दुर्मीळ कार्ड नव्हतं. कुणीतरी उघडून, चांगलं ते काढून, पुन्हा चिकटवली होती. न उघडताही खेळ होतो. जुन्या पोकेमॉन पाकिटांत होलो कार्ड असलेलं पाकीट किंचित जड असतं, म्हणून बारीक काट्यावर तोलून जड तेवढी बाजूला काढतात आणि हलकी विकायला ठेवतात.

९. जवळ काहीच नसेल तर

असंही होतं. यादी रिकामी, नकाशा रिकामा. मग टेबल आपणच मांडायचं. चार जण पुरेत. वाचनालयाची खोली, कॉलेजातला वर्ग, कुणाचं घर, काहीही चालेल. वार मात्र एकच ठेवा आणि कुणी आलं नाही तरी तो बदलू नका. एखाद्याने महिन्याभराने यायचं ठरवलं तर त्याला तुम्ही तिथे सापडायला हवं. पहिल्या दिवसासाठी सोप्या कार्डांचे दोन तयार डेक सोबत ठेवा, म्हणजे रिकाम्या हाताने आलेल्यालाही लगेच खेळता येईल. पाकिटं विकत न घेताही ड्राफ्ट करता येतो: जास्तीच्या कार्डांतली बरी कार्डं निवडा, पिसा, पंधरा-पंधराचे गठ्ठे करा आणि वाटा. खेळ झाला की कार्डं पुन्हा डब्यात, पुढच्या वेळेसाठी.

सहा-आठ जण नियमित येऊ लागले की जवळच्या खेळण्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानदाराकडे जा. गिऱ्हाईक तुमच्या सोबत असलं की तो कार्डं ठेवायला आणि एक टेबल द्यायला तयार होतो, आणि अधिकृत कार्यक्रमांसाठी प्रकाशकाकडे अर्ज करणं मग त्याच्या हातात असतं. आमचा एक गट असाच एका वाचनालयाच्या खोलीत सुरू झाला. पहिले तीन आठवडे आम्ही तिघंच. चौथ्या आठवड्यात दारात एक शाळकरी मुलगी आईचा हात धरून उभी होती, दुसऱ्या हातात रबरबँड लावलेली दहा-बारा कार्डं. मी हातातली कार्डं पालथी ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढली.